विहीर आपली, पाणी कोणाचे?



नैसर्गिक साधनसंपत्तीचे दोन प्रकार आपण सर्वांनी शाळेत पाठ केलेले आहेत. कोळसा, खनिज तेल, लोखंड ही संपणारी. ऊन, वारा, पाणी, जंगल, मासळी ही पुन्हा पुन्हा मिळणारी. वहीत दोन रकाने आखून ही नावे लिहिली की गुण मिळत. पण पाणी एकदा दुसऱ्या रकान्यात लिहिले की माणूस निश्चिंत होतो. कितीही उपसा, पावसाळ्यात देव पुन्हा देईलच, असा त्याचा हिशेब असतो. हा हिशेब आज थोडा तपासून पाहू या, कारण तो आपल्या अंगणातल्या विहिरीशी निगडित आहे.

एक उदाहरण दूरचे घेऊ. सौदी अरेबियाच्या वाळवंटाखाली हजारो वर्षांपूर्वी मुरलेल्या पाण्याचे साठे आहेत. तिथे आता पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे ते पुन्हा भरत नाहीत. १९८०च्या दशकात या पाण्यावर त्या देशाने गहू पिकवला, इतका की तो परदेशांत पाठवला. पाणी खोल गेले. २००८ साली सरकारने देशी गव्हाची खरेदी कमी करायला सुरुवात केली आणि २०१६ पर्यंत ती बंद केली. उलट नॉर्वेने समुद्रातल्या तेलाचा पैसा एका निधीत ठेवला. १९९० साली तसा कायदा केला आणि आज त्या निधीच्या अपेक्षित परताव्याएवढी, म्हणजे साधारण तीन टक्के रक्कमच वर्षाला खर्च करावी असा नियम पाळला जातो. जे संपणारे होते ते नॉर्वेने मुद्दल मानून जपले, आणि जे पाणी आपण न संपणारे म्हणतो ते सौदी अरेबियाने संपवत आणले. वस्तू कोणत्या रकान्यात बसेल हे तिच्या जातीवर ठरत नाही. आपण ती किती वेगाने घेतो आणि ती किती वेगाने भरते, यावर ठरते.

आता वसईकडे येऊ. आपल्याकडे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. वाळवंटाशी आपली तुलना कशाला, असे कोणी म्हणेल. पण हा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि एका बाजूला समुद्र व दुसरीकडे खाड्या असलेल्या आपल्या पट्टीत त्याला मुरायला जागा थोडी आहे. वाळूत मुरलेले गोडे पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. दुधावर साय असावी तसे, फक्त ही साय बरीच जाड असते. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी गायबन व हेर्झबर्ग या दोन अभ्यासकांनी त्याचे गणित मांडले. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर तिच्या खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. हे ऐकायला बरे वाटते, पण हेच गणित उलटेही चालते. पंप लावून वरची पातळी एक फुटाने खाली नेली, तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर येऊ पाहते. प्रत्यक्षात सगळीकडे हे इतके सरळ घडत नाही. जमीन बदलते, वेळ लागतो. पण दिशा तीच असते. आणि एकदा मीठ आले की ते धुऊन निघायला एक पावसाळा पुरत नाही.

आपल्या आजोबांच्या काळी रहाट होते. बैल फिरत, लोटे भरून वर येत आणि केळीच्या व पानवेलींच्या वाड्या भिजत. रहाटाला एक मर्यादा आपोआप होती. बैल दमत, त्यांना सोडावे लागे, आणि तेवढ्या वेळात विहिरीला झरे लागत. विजेचा पंप दमत नाही. जुनी माणसे फार पुण्यवान होती आणि आपण फार लोभी आहोत, असे आम्ही म्हणणार नाही. तसे पुरावेही नाहीत. पूर्वी जी मर्यादा बैल पाळत होते, ती आता माणसाने स्वतःच्या विवेकाने पाळायची आहे, इतकाच फरक. आणि तो लहान नाही.

आता अवघड प्रश्नाकडे येऊ. कोणी म्हणेल, "फादर, विहीर आमच्या आज्याने खणली. सात-बारा आमच्या नावावर आहे. केळीला आता भाव नाही, मुलांच्या फिया भरायच्या आहेत. आमच्या विहिरीचे पाणी आम्ही टँकरला दिले तर त्यात पाप कसले?" या माणसाला लोभी म्हणून गप्प करणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. कायदाही बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने होता. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याने जमिनीखालचे पाणी काढण्याचा हक्क जमीनमालकाला मान्य केला. महाराष्ट्राने १९९३ साली पिण्याच्या सार्वजनिक पाण्याच्या जवळ नव्या विहिरी खणण्यावर बंधने घातली व २००९ साली भूजलाचा स्वतंत्र कायदा केला, पण मनातला जुना हक्क अजून गेलेला नाही. शिवाय टँकरचे पाणी जाते कुठे? इमारतींत. तिथे आपलीच मुले-बाळे राहतात, रविवारी मिस्साला आपल्याच शेजारी बसतात. त्यांना तहान नाही का?

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात मालमत्तेविषयी एक भेद केला, तो इथे फार उपयोगी पडतो. वस्तू मिळवणे, सांभाळणे व तिची व्यवस्था पाहणे हे एकेकाकडे असावे, कारण आपली वस्तू माणूस नीट सांभाळतो. पण तिचा उपयोग मात्र सर्वांसाठी आहे, या भावनेने माणसाने ती ठेवावी. म्हणजे विहिरीचा मालक हा व्यवस्थापक आहे. आणि विहिरीच्या बाबतीत हे केवळ भक्तिभावाने म्हणायचे नाही. सात-बारा जमिनीला असतो. वाळूतले पाणी बांध ओळखत नाही. आपला पंप रात्रभर चालला तर शेजारच्या काकूंची विहीर सकाळी आटलेली असते. म्हणून "माझे पाणी मी विकले" या वाक्यात "माझे" हा शब्दच तपासावा लागतो.

लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात जमीन विकण्याचा नियम आहे. जमीन देवाची आहे, म्हणून ती कायमची विकायची नाही. विकणारा खरे तर पुढच्या योबेल वर्षापर्यंतची पिके विकत असतो, आणि किती पिके उरली त्यावर किंमत ठरते. अनुवादात घरट्याचा नियम आहे. वाटेत घरटे सापडले तर पिल्ले घ्यावीत, पण आईला सोडून द्यावे. आपल्या कोळी बांधवांना हे वेगळे सांगायला नको. पापलेटाची पिल्ले जाळ्यात ओढली तर पुढे मोठे पापलेट कुठून येणार? २०२३ साली राज्य सरकारने पापलेटला राज्य मासा जाहीर केले आणि त्याच वर्षी चोपन्न जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याच विचाराने. विहिरीलाही हाच नियम लावावा असे आम्हांला वाटते. पावसाने जेवढे भरले त्यातून शेजाऱ्याचे पोट न मारता कोणी काही विकले, तर आम्ही त्याला पाप म्हणणार नाही. पण पातळी दरवर्षी खाली जात आहे, पाण्याला मचूळ चव येऊ लागली आहे, तरीही पंप चालूच आहे, तर मग आपण पीक विकत नाही. आई विकत आहोत.

इथे तत्त्वज्ञानाच्या वर्गात हमखास निघणारा एक आक्षेप आहे. पुढची पिढी अजून जन्मली नाही. जो अस्तित्वातच नाही त्याचा हक्क कसा असेल, आणि त्याच्यावर अन्याय कसा होईल? वाद म्हणून हा चतुर आहे. पण समजा, एखाद्याने वाटेकडेची विहीर कठडा न बांधता उघडी सोडली. पुढच्या वर्षी जन्मलेले मूल पाच वर्षांनी त्यात पडले. "मी विहीर उघडी सोडली तेव्हा ते मूल नव्हतेच," असे तो त्याच्या आईसमोर म्हणू शकेल का? निर्गमच्या ग्रंथात तर उघड्या खड्ड्यात पडलेल्या बैलाचीसुद्धा भरपाई मालकाला द्यावी लागते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिढ्या-पिढ्यांमधील न्यायाचा विषय याच अर्थाने घेतला. तिथे तो दानधर्माचा भाग नाही, न्यायाचा आहे.

आणि न्यायाचा भाग म्हटला की भरपाई आली. चोरी केल्यावर पापनिवेदन पुरत नाही, वस्तू परत करावी लागते, हे लहानपणी धर्मशिक्षणात शिकवतात. मग जमिनीतून जास्तीचे काढलेले पाणी परत कसे करायचे? आपल्या पूर्वजांनी त्याचा मार्ग वाड्यावाड्यांत खणून ठेवला होता. बावखल. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू मुरे आणि आजूबाजूच्या विहिरींना पुरे. कित्येक बावखले आपण भराव टाकून बुजवली, कधी डासांच्या भीतीने, कधी बांधकामासाठी, आणि काही फक्त कचरा टाकायला जागा हवी म्हणून. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात अब्राहामाच्या विहिरी पलिष्ट्यांनी मातीने बुजवल्या, आणि इसहाकाने त्या पुन्हा उकरल्या व बापाने दिलेलीच नावे त्यांना दिली, असे आहे. फरक इतकाच की आपल्याकडे पलिष्ट्यांची गरज पडली नाही.

ज्यांच्या वाडीत असे बुजलेले किंवा गाळ भरलेले बावखल आहे, त्यांनी या किंवा पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात भेटावे. मे महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, त्यांतील एक-दोन तरी उकरता येतील का ते एकत्र बसून पाहू. जागेवरून भाऊबंदकी असेल तर तीही तेव्हाच बोलू.