वाढणारा कोण आणि बसणारा कोण?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंती जवळ आली की मंदिरात सेवेकऱ्यांची यादी होते. भाजी चिरायला कोण, पाण्यावर कोण, पंगतीत वाढायला कोण, चपला सांभाळायला कोण, सगळे ठरते. यादीत बहुतेक धडधाकट आणि ओळखीच्या घरची पोरं असतात. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, ज्याचा पाय अधू आहे किंवा ज्याला जरा उशिरा समजते, त्या मुलाला आपण पहिल्या पंगतीत मानाने बसवतो. ज्या घरातल्या शेतकऱ्याने जीव दिला, त्या घरच्या बाईला साडी देतो, लेकरांना वह्या देतो. हे चांगलेच आहे. पण यांना ‘तुम्ही वाढायला या’ असे आपण काहून म्हणत नाही? प्रश्न लहान दिसतो, पण खोलात गेले तर तो धर्माचाच प्रश्न आहे.

गुरुचरित्राचे पारायण करणाऱ्यांना अडतिसावा अध्याय सांगायला नको. भास्कर नावाचा गरीब ब्राह्मण गाणगापुरात आला. श्रीगुरूंना भिक्षा घालावी ही त्याची इच्छा, पण गाठोड्यात शिधा जेमतेम तिघांपुरता. रोज कोणी ना कोणी श्रीमंत भक्त समाराधना करी आणि भास्कर तिथेच जेवी. असे तीन महिने गेले. लोक त्याला हसू लागले, की हा आला भिक्षा घालायला आणि स्वतःच रोज जेवून राहिला! शेवटी श्रीगुरूंनीच त्याला सांगितले, उद्या स्वयंपाक तू कर. त्याच तिघांच्या शिध्यात चार हजार पाने उठली.

आपण या कथेत चमत्कार पाहतो, तो आहेच. पण मला त्याच्या आधीची गोष्ट मोठी वाटते. गुरूंनी भास्कराला आणखी एक दिवस फुकट जेवू घातले नाही, पळी त्याच्या हातात दिली. तीन महिने घेणाऱ्यांच्या रांगेत बसलेल्या माणसाला त्यांनी देणाऱ्यांच्या रांगेत उभे केले. त्याची गरिबी त्यानंतर गेली असेल, पण त्याची मान त्या दिवशीच ताठ झाली.

मी आयुष्यभर बँकेत खातेवह्या लिहिल्या. आम्हा कॉमर्सवाल्यांचा पहिला धडा असा की, प्रत्येक नोंद दोन ठिकाणी पडते. एकाच्या जमेला, एकाच्या नावे. सेवेच्या वहीत मात्र आपण काही घरांच्या खात्यावर सदा नावेच टाकत जातो. त्यांच्या जमेला कधी काही येऊच देत नाही. ज्याचे खाते असे वर्षानुवर्षे चालते, तो माणूस काउंटरवर येताना खाली मान घालूनच येतो. हे मी पुष्कळ पाहिले आहे.

याचे उत्तर शोधायला लांब जाणे नको. पैनगंगा ओलांडली की आपले माहूर, तशी वणीकडून वर्धा नदी ओलांडली की वरोरा. तिथे बाबा आमटे यांनी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशातले 14 रुपये यांवर आनंदवन उभे केले. बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खोदल्या, शेती केली. ज्यांना गावाने बाहेर काढले होते, त्यांच्या आनंदवनातून वरोऱ्याच्या मुलांसाठी आनंदनिकेतन महाविद्यालय झाले. घेणाऱ्यांनी गावालाच दिले! पुढे 1967 पासून चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ येथे तरुणांची श्रमसंस्कार छावणी भरू लागली. मे महिन्याच्या उन्हात शहरातली कॉलेजची पोरं रोगमुक्त माणसांच्या खांद्याला खांदा लावून घमेली उचलतात. तिथे कोण कोणाची सेवा करतो, हे सांगता येणार नाही.

राष्ट्रीय सेवा योजना 24 सप्टेंबर 1969 ला, गांधी शताब्दीच्या वर्षात, 37 विद्यापीठांत सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजचीही पोरं सात दिवस खेड्यात राहून श्रमदान करतात. दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा तर 21 प्रकारची दिव्यांगता मानतो आणि समाजात बरोबरीने सहभागी होण्याचा हक्क देतो. कायद्याने दार उघडले आहे. पण मंदिराच्या मुदपाकखान्याचे दार कायदा उघडणार नाही, ते आपल्यालाच उघडावे लागेल.

कोणी म्हणेल, गरम वरणाची बादली आहे, कोणाला भाजले तर? काळजी रास्त आहे. पण बादली हे काही एकच काम नाही. बोटांनी वाचणारा अंध मुलगा स्तोत्र पुढे म्हणू शकतो. कुबडीवरचा मुलगा देणगीच्या पावत्या फाडू शकतो. ज्याला उशिरा समजते तो पत्रावळी मोजून ठेवू शकतो, आणि रोज तेच काम दिले तर आपल्यापेक्षा नेटके करतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला गजबजलेल्या पंगतीत आपल्याइतकीच अडचण. तिथे सगळेच हाताच्या खुणेने वाढतात. काम थोडे सावकाश होईल, होऊ द्या. महाप्रसाद म्हणजे काही शेवटच्या तारखेचा हिशेब नव्हे.

दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मार्गशीर्षात कापसाची वेचणी चालू असते. ज्या बाईची त्या दिवसाची रोजी बुडते, तिच्यावर सेवेची सक्ती करणे हा वेगळा अन्याय होईल. तिला विचारावे, ती नाही म्हणाली तर तिचा मान तेवढाच राहावा. आणि एखाद्या दिव्यांग मुलाला फोटोपुरते पुढे करून फलकावर छापणे, ही सेवा नव्हे, जाहिरात आहे. पंगतीत बसणे यात कमीपणा नाहीच. कमीपणा आहे तो कायम बसूनच राहावे लागण्यात.

अवधूतांनी यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगितले. त्यात पृथ्वी आहे, कबुतर आहे, पिंगला आहे, बाण घडवणारा कारागीर आहे, लहान मूल आहे. शिकवण्याची पात्रता ठरवताना त्यांनी कोणाचे घर, कोणाची प्रतिष्ठा पाहिली नाही. मग सेवेची पात्रता ठरवणारे आपण कोण?

म्हणून माझी मंडळींना विनंती एवढीच. यंदा यादी करताना दोन-चार पोरांनी मोहल्ल्यातल्या त्या घरी जावे, जिथे आपण दरवर्षी फक्त प्रसाद पोहोचवतो. आईबापांना सोबत बोलवावे, कारण लेकरू पडेल ही भीती त्यांना असते. ‘काका, काकू, तुम्हीही चला, कोणते काम जमेल ते तुम्हीच सांगा,’ असे म्हणावे. पहिल्या वर्षी नाही म्हणतील, दुसऱ्या वर्षी पुन्हा जावे. भास्करानेही तीन महिने वाट पाहिली होती. फरक इतकाच की त्याला बोलावणारा गुरू तिथे होता. आपल्या गावात ते बोलावणे घेऊन आपणच जायचे आहे.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त.