मुकाट सोसलेले दुखणे

खोकल्याच्या एका उबळीसरशी लुगडे ओलावते म्हणून ज्या माउलीने कीर्तनाला जाणे सोडले, आणि प्रोस्टेट ग्रंथीच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या गृहस्थाने एस.टी.चा प्रवास वर्ज्य केला, त्या उभयतांनी लघवी गळण्याचे हे दुखणे वार्धक्याचा दस्तूरच समजून मुकाट्याने सोसावे, याचे मला मनापासून दुःख होते. बाळंतपणांनी शिथिल झालेले, ओटीपोटाच्या तळाशी असलेले स्नायू व्यायामाने पुन्हा बळकट होऊ शकतात, हे अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली साधार मांडले. लघवी रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच, मूत्राशय रिकामे असताना, काही क्षण आवळून सैल सोडावेत. नित्यनेमाने, निदान तीन महिने. अनावर घाईने होणारी लघवी मात्र निराळी. तिच्यावर औषधे आहेत, आणि लघवीच्या दोन वेळांतले अंतर हळूहळू वाढविण्याचा अभ्यासही. भीतीपोटी पाणी पिणे तोडू नये. लघवीत रक्त दिसल्यास डॉक्टरांकडे विनाविलंब जावे.