दगडाची साख

एडिंबरो येथील जॉर्ज स्ट्रीटवर कमर्शियल बँक ऑफ स्कॉटलंडसाठीं डेव्हिड ऱ्हाइंड या शिल्पज्ञानें बांधलेली वास्तु १८४७ सालीं पुरी झाली. आतां तेथें पेढी नाहीं. जेथें ठेवीदार दबल्या आवाजांत बोलत, त्याच घुमटाखालीं आज कुटुंबेंच्या कुटुंबें दुपारचें जेवण घेतात. पुष्कळांना ही अवनति वाटते. मला प्रश्न पडतो तो निराळा: ते कॉरिंथियन स्तंभ उभारण्यांत सचोटी किती होती? स्तंभ पाहून लोकांनीं विश्वास टाकावा हा त्यांतील हेतु उघड आहे. आणि दगड कांहीं हिशेब दाखवीत नाहीं. १८७८ सालीं सिटी ऑफ ग्लासगो बँक बुडाली. खोट्या ताळेबंदांबद्दल तिचे संचालक तुरुंगांत गेले. पण जबाबदारी अमर्याद असल्यामुळें देणें फेडावें लागलें तें भागीदारांना, आणि त्यांतील बहुतेक धुळीस मिळाले.

कमर्शियल बँकेवर असा प्रसंग आला नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. १९५९ सालीं ती नॅशनल बँकेशीं एक झाली. शिवाय दगडांत पैसा गुंतविणारा रातोरात पळूं शकत नाहीं. तेवढा जामीन मीं मान्य करतों. मात्र तो माणूस जाग्यावर राहील याचा जामीन झाला, खरें बोलेल याचा नव्हे. भोजनगृहाचे मालक त्याच स्तंभांचा उपयोग करतात, तरी त्यांचा मला राग येत नाहीं. तेथें अन्न बिघडलें असेल तर पहिल्याच घासाला कळतें, आणि गिऱ्हाईक उठून जातें.