काळावर आळ

वस्तू जुनी झाली म्हणजे मोडते, हे विधान आपण इतक्या सहजपणे करतो की त्यात एक आरोप दडलेला आहे, हे ध्यानातही येत नाही. आरोपी असतो काळ. तो आपली बाजू मांडावयास कधीच येत नाही. त्यामुळे त्याच्यावरील प्रत्येक खटल्याचा निकाल एकतर्फी लागतो. आम्ही दिल्लीत केंद्र सरकारच्या एका कार्यालयात कारकुनी करतो आणि असे निकाल लिहिणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. निकामी सामानाच्या याद्या आमच्या टेबलावरून जातात आणि कारणाच्या रकान्यात बहुधा एकच शब्द पडतो : 'जीर्ण'. हा शब्द आम्ही कधी पारखून पाहिला नव्हता. तो पारखण्याची वेळ आली ती, दिल्लीत जे कधी पडत नाही, त्या बर्फामुळे.

आमचा एक मावसभाऊ कॅनडातील ओन्टारिओ प्रांतात, गावापासून दूर राहतो. त्याच्या घरापासून सडकेपर्यंतची वाट लांबलचक. हिवाळ्यात ती बुजली की फावड्याने निभाव लागत नाही. म्हणून त्याने ट्रॅक्टरला जोडावयाचे, बर्फ उडविणारे एक जुने यंत्र ८०० डॉलरांना विकत घेतले. त्या देशात या यंत्राचे कुळ मोठे आहे. रेल्वेमार्गावरील बर्फ फिरत्या चक्राने उपसून फेकावे, ही कल्पना टोरोंटोचे दंतवैद्य जे. डब्ल्यू. एलियट यांनी १८६९ मध्ये मांडली. पुढे सडकेवर चालेल असे यंत्र क्वेबेकच्या आर्थर सिकार यांनी १९२५ मध्ये सिद्ध केले आणि १९२७ मध्ये माँट्रियललगतच्या उत्रमाँ नगराने ते खरेदी केले. भावाचे यंत्र त्याच कुळातले, धाकट्या पातीचे. ट्रॅक्टरच्या पाठीमागचा, मिनिटाला ५४० फेरे घेणारा पी.टी.ओ. दांडा त्याला शक्ती पुरवितो. त्या शक्तीने मळसूत्री पाते बर्फ मध्यभागी ओढून आणते आणि पंखा ते नळकांड्यातून दूर भिरकावून देतो.

यंत्राची साखळी गंजली होती, बेअरिंगे झिजली होती. ही सारी वयाची दुखणी. परंतु गिअरबॉक्स उघडला तेव्हा आतील चाकाचे दातच तुटलेले आढळले. भावाने लगेच नवे चाक मागविले नाही; हे दात तुटले कसे, याचा शोध तो घेऊ लागला. उत्तर पात्याच्या दांड्यावर सापडले. तेथे एक मऊ धातूची पिन असते, तिला शिअर पिन म्हणतात. पात्यात दगड वा गोठलेले ढेकूळ अडकले की ही पिन स्वतः तुटते आणि गिअरबॉक्सला वाचविते. तुटणे हेच तिचे काम. पण कडाक्याच्या थंडीत पुनःपुन्हा पिन बदलण्याचा कोणा पूर्वीच्या मालकास कंटाळा आला असावा. त्याने तिच्या जागी कठीण पोलादाचा बोल्ट ठोकून दिला होता. बोल्ट तुटला नाही, दात तुटले.

दुरुस्तीस आणखी १,१०० डॉलर लागणार हे ऐकून आमच्यातील हिशेबनीस जागा झाला. मूळ किमतीहून दुरुस्तीचा खर्च अधिक, तेव्हा हा निव्वळ अपव्यय होय, असे आम्ही दूरध्वनीवर त्याला बजावले. तो म्हणाला, "दादा, हे यंत्र म्हातारं झालं म्हणून मोडलेलं नाही. उद्या मी नवं घेतलं आणि त्यातही असाच बोल्ट ठोकला, तर ते किती दिवस नवं राहील?"

आम्हांस उत्तर सुचले नाही.

वाचक म्हणतील, हे 'जुने ते सोने' या पठडीतले भाबडेपण झाले. तसे नाही. त्या पी.टी.ओ. दांड्यावरील संरक्षक आवरण नाहीसे झाले होते. उघड्या फिरत्या दांड्यात कपड्याचे टोक अडकले तर माणसाचा जीव जाऊ शकतो. भावाने नवे आवरण चढविल्यावाचून यंत्र एकदाही चालविले नाही. वस्तूची माया माणसाच्या जिवापेक्षा मोठी नव्हे. आणि जे खरोखरच झिजून संपले, ते टाकूनच दिले पाहिजे. आमचे म्हणणे एवढेच की, टाकण्यापूर्वी वा सांधण्यापूर्वी काळाचा वाटा किती आणि आपला किती, हे वेगळे करून पाहावे. जीर्णोद्धाराची खरी सुरुवात हातोडीने होत नाही, या चौकशीने होते. तीवाचून केलेली दुरुस्ती व्यर्थ आणि नवी खरेदीही व्यर्थ.

नवल असे की, ज्या नियमांच्या आधारे आम्ही 'जीर्ण' लिहीत आलो, त्यांना हे ठाऊक आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतील २१७ वा नियम सांगतो की, वस्तू निरुपयोगी ठरविताना कारणे नोंदवावीत. आणि ती सरकारी सेवकाच्या हयगयीने निरुपयोगी झाली असेल तर जबाबदारी निश्चित करावी. हा नियम आम्ही अनेकदा वाचला होता. त्यातील पुढचे वाक्य आपल्याला उद्देशून असू शकेल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

त्या आठवड्यात आमच्या टेबलावर दोन कूलरांचे प्रकरण होते. दोहोंच्या टाक्या तळाशी गंजून फुटलेल्या. त्यापुढे 'जीर्ण' हा शब्द आम्ही स्वहस्ते लिहिला होता. वस्तुतः उन्हाळा सरताच टाक्यांतील पाणी काढवून घेणे हे आमच्याच विभागाचे काम, आणि सलग दोन वर्षे आम्ही ते काढविले नव्हते. गंज काळाने चढविला खरा. पण त्याला पाणी आम्ही पुरविले होते.

आम्ही ते प्रकरण परत मागवून घेतले. 'जीर्ण' हा शब्द खोडून, 'मोसमाअखेर पाणी न काढल्यामुळे टाक्या गंजल्या. काम या विभागाचे होते', असे लिहून खाली सही केली. सही करताना हात थोडा अडखळला, हे नाकारण्यात अर्थ नाही. वरिष्ठांनी तो कागद दोनदा वाचला व काही न बोलता ठेवून घेतला. पुढे काय व्हावयाचे ते होईल. निदान त्या एका रकान्यापुरता काळ निर्दोष सुटला आहे.