बेथलेहेमची वाट सांगणारे शास्त्री

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग आपण दर नाताळास ऐकतो. परंतु त्यातील एका गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते. पूर्वेकडून आलेले मागी लोक यरुशलेमेत नव्या राजाची चौकशी करतात. हेरोद अस्वस्थ होतो आणि मुख्य याजक व शास्त्री यांना जमवून ख्रिस्ताचा जन्म कोठे व्हायचा आहे, असे विचारतो. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथाचा आधार देऊन ते सांगतात की, यहूदीयातील बेथलेहेमात. उत्तर अचूक होते. यरुशलेमेपासून बेथलेहेम अवघे आठ-नऊ किलोमीटर दूर. दोन-तीन तासांची वाट. तरीही त्या शास्त्र्यांपैकी एक जण तरी उठून तिकडे गेला, असे मत्तय लिहीत नाही. दूरदेशीचे परके लोक गेले; ज्यांना वाट ठाऊक होती, ते घरीच राहिले.

पवित्र शास्त्राचा पद्धतशीर अभ्यास करू इच्छिणाऱ्या प्रत्येकाने या प्रसंगापाशी थांबावे. शास्त्राचे ज्ञान माणसाला प्रभूपर्यंत नेते, की कधी कधी तेच प्रभूची जागा घेऊन बसते?

आपल्या मंडळ्यांत या प्रश्नाचे एक सोपे उत्तर नेहमी ऐकू येते. पवित्र आत्मा शिकवणारा असता अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्रे हवीत कशाला? या म्हणण्यात नम्रता दिसते; पण ती खरी नम्रता आहे का, हे तपासले पाहिजे. तारा पाहून मागी लोक यरुशलेमेपर्यंत आले. पुढे बेथलेहेमचे नाव त्यांना शास्त्रवचनातूनच कळले. प्रेषितांच्या कृत्यांतील तो कूशी अधिकारी रथात बसून यशयाचा ग्रंथ वाचत होता. कोणी वाट दाखवल्यावाचून आपल्याला समजणार नाही, हे त्याने मोकळेपणे कबूल केले आणि फिलिप्पाला जवळ बसवून घेतले. मला कोणाकडून शिकण्याची गरज नाही, असे म्हणणाऱ्यापेक्षा तो अधिक नम्र होता.

शिवाय आपल्या हातातील मराठी पवित्र शास्त्र हेच कोणाच्या तरी परिश्रमाचे फळ आहे. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून, साध्या स्त्रियांनाही कळावे अशा मराठीत भाषांतर केले. १९२२ साली त्या प्रभूकडे गेल्या आणि ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले. याच रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व स्त्रिया आणून त्यांना आसरा दिला होता. त्यांच्या आयुष्यात शब्दकोश आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नव्हती.

आज शिकण्याच्या सोयी पुष्कळ आहेत. सेरामपूरचे महाविद्यालय १८१८ साली स्थापन झाले. यवतमाळ येथे १९५३ साली सुरू झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास आली. १९६३ साली ग्वातेमालातील एका सेमिनरीने आपला संसार व व्यवसाय न सोडता शिकण्याची विस्तार-पद्धत सुरू केली आणि ती पुढे भारतातही रुजली. त्यामुळे नोकरीनिमित्त महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या गृहस्थालाही रात्री जेवणानंतर धडा उघडून बसता येते. ही देवाची कृपाच होय. पण म्हणूनच आपला प्रश्न अधिक जवळचा होतो.

अमेरिकेतील प्रिन्स्टन येथील सेमिनरीच्या ४० विद्यार्थ्यांवर डार्ली व बॅटसन या संशोधकांनी केलेला एक प्रयोग १९७३ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना छोटे भाषण देण्यासाठी शेजारच्या इमारतीत पाठवले. निम्म्यांचा विषय चांगल्या शोमरोन्याचा दाखला हाच होता. वाटेत एक मनुष्य मान खाली घालून, खोकत व कण्हत दारापाशी पडलेला दिसेल, अशी योजना केली होती. ज्यांना सवड होती, त्यांच्यापैकी शेकडा ६३ जणांनी मदत केली. उशीर झाला आहे असे ज्यांना सांगितले होते, त्यांच्यापैकी शेकडा केवळ १० जणांनी. मनात शोमरोन्याचा दाखला घोळत होता की दुसरा विषय, याने विशेष फरक पडला नाही.

हे वाचून त्या तरुणांना दोष देऊ नये. ते निर्दय नव्हते. कोणाला तरी दिलेला शब्द पाळण्यासाठीच ते धावत होते. अभ्यास निरुपयोगी आहे, असेही यातून सिद्ध होत नाही. दाखला ठाऊक असणे आणि रस्त्यावर तो ओळखणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि घाई त्या दोहोंत उभी राहते, एवढे मात्र दिसते. धडा संपवण्याची, प्रश्नपत्रिका सोडवण्याची, पुढील रविवारचा उपदेश तयार करण्याची घाई आपल्यालाही असतेच.

हा दाखला प्रभूने कोणाला सांगितला, हे आठवा. नियमशास्त्राच्या एका पंडिताला! प्रभूने त्याला आधी शास्त्रात काय लिहिले आहे व तू ते कसे वाचतोस, असे विचारले. त्याचे उत्तर बरोबर आले, आणि ते बरोबर असल्याचे प्रभूने मान्यही केले. म्हणजे ज्ञानाचा अनादर प्रभूने केला नाही. परंतु पंडिताला शेजारी या शब्दाची व्याख्या हवी होती. प्रभूने प्रश्नच फिरवला आणि जखमी मनुष्याचा शेजारी कोण झाला, असे त्याच्याकडूनच वदवून घेतले. मग त्याला तसेच करण्यास पाठवले.

म्हणून, वाचकहो, अभ्यास अवश्य करा. मूळ शब्दांचा अर्थ शोधा, इतिहास समजून घ्या, अवघड प्रश्न विचारण्यास भिऊ नका. मात्र प्रत्येक धड्याच्या शेवटी, छापील प्रश्नांत नसलेला एक प्रश्न स्वतःच वहीत लिहा: हा उतारा मला आज कोणाकडे पाठवतो? कदाचित उत्तर एखाद्या आजारी शेजाऱ्याचे असेल, कदाचित अबोला धरलेल्या सख्ख्या भावाचे. त्या प्रश्नाला गुण देणारा परीक्षक कोणी नाही. त्याचे उत्तर वही मिटून, चपला घालून द्यावे लागते.