बाजेचे चार कोपरे



संत मार्कच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातील पक्षाघाती माणसाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. चौघे जण त्याला बाजेवर घालून कफर्णहूमच्या त्या घरापाशी आणतात. दारात गर्दी असते, आत जायला वाट नसते. तेव्हा ते छप्पर उसकटतात आणि बाज खाली सोडतात. प्रभू येशू त्यांचा विश्वास पाहतो. आपण चमत्कार लक्षात ठेवतो आणि बाज विसरतो. पण बाज नसती, तर तो माणूस घराबाहेर पडलाच नसता.

आपल्या धर्मग्रामातही अशी लेकरे आहेत. सेरेब्रल पाल्सीमुळे कोणाची मान सावरत नाही, कोणाची पाठ ताठ राहत नाही. तान्हेपणी कडेवर भागते. पण वीस किलोंच्या मुलाला कडेवर घेऊन आईने किती चालावे? मग मूल घरात राहते आणि त्याच्याबरोबर आईही. मिस्साला वडील एकटेच येतात.

साधी बाबागाडी अशा मुलाला चालत नाही. तिच्या झोळीसारख्या बैठकीत कंबर पुढे सरकते, पाठीला बाक येतो, मान छातीवर पडते. त्याला हवी असते ती खास बाबागाडी, म्हणजेच ॲडॅप्टिव्ह स्ट्रोलर. तिची बैठक पक्की असते. दोन्ही कुशींना आधार, डोक्यामागे उशी, छाती-कमरेला पट्टे आणि पायांखाली फळी असते. नीट बसलेल्या मुलाला श्वास घेणे आणि घास गिळणे सोपे जाते. त्याला माणसांचे चेहरे दिसतात. ही आजच्या काळातली बाज आहे आणि तिलाही चार कोपरे आहेत.

पहिला कोपरा जाणकारांचा. गाडी दुकानात पाहून घेऊ नये. फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून मुलाच्या कमरेची रुंदी, मांडीची लांबी, गुडघ्यापासून टाचेपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतो. गाडी तशी घेऊ नये. सैल बैठकीत मूल एका कुशीवर कलंडते. वाढीबरोबर जिचे भाग सरकवता येतात, अशी गाडी निवडावी.

दुसरा कोपरा शासनाचा. १९८१ पासूनच्या केंद्र शासनाच्या ‘ॲडिप’ योजनेत किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्यांना उत्पन्नाच्या अटीवर साधने मिळतात. कानपूरच्या ‘एलिम्को’ या सरकारी कारखान्यात सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी खास खुर्ची बनते. मोठ्यांना पुन्हा साधन मिळण्यास तीन वर्षे थांबावे लागते, बारा वर्षांखालील मुलांना एकच वर्ष. कारण मूल वाढते. हा दाखला आणि स्वावलंबन कार्ड ज्यांनी काढले नाही, त्यांनी आधी ते काढावे. हे भीक मागणे नव्हे. संत थॉमस अक्वायनस शिकवतात की ज्याचे त्याला देणे म्हणजे न्याय. सगळ्यांना सारखा बाक देणे म्हणजे न्याय नव्हे. ज्याला बाकावर बसता येत नाही, त्याला बसता येईल असे आसन देणे हा न्याय.

तिसरा कोपरा घराचा. काही घरी गाडी येते आणि पडद्यामागे राहते. “एवढा मोठा झाला तरी बाबागाडीत?” हे ऐकावे लागेल, ही भीती असते. त्याहून वाईट कुजबुजही होते, की आईबापांचे काही पाप असेल. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारले, तेव्हा प्रभूने स्पष्ट नकार दिला. संत योहानच्या नवव्या अध्यायात ते लिहिलेले आहे. जे प्रभूने नाकारले, ते आपण कोणत्या तोंडाने बोलतो?

चौथा कोपरा आपला, आणि बाज बहुधा इथेच कलते. कफर्णहूमला त्या माणसाची वाट कोणी वैऱ्याने अडवली नव्हती. प्रभूचे वचन ऐकायला आलेल्या भाविकांनीच अडवली होती. आपल्या पायऱ्यांचे काय? १५ सेंटिमीटरच्या एका पायरीला १.८० मीटर लांबीचा उतार पुरतो. त्यासाठी छप्पर उसकटावे लागत नाही. एखादा बाक आखूड केला, तर गाडी दाराशी न राहता कुटुंबाच्या रांगेत उभी राहील. ज्यांच्या मुलाला गाडी अपुरी पडू लागली, त्यांनी ती अडगळीत न टाकता दुसऱ्या घरी द्यावी. थेरपिस्टने तपासली की ती पुन्हा कामी येते. आणि मिस्सा चालू असताना एखादे लेकरू मोठ्याने ओरडले, तर मागे वळून पाहू नये. तीही त्याची प्रार्थनाच आहे.

या आठवड्यात प्रत्येक वाडीने एवढेच पाहावे: आपल्याकडे असे कोणते मूल आहे, आणि त्याच्या बाजेचा कोणता कोपरा रिकामा आहे?

हे प्रभो, आम्ही तुझ्याजवळ येताना दुसऱ्याची वाट अडवू नये, अशी बुद्धी आम्हांला दे. जो कोपरा आमच्या वाट्याचा आहे, तो उचलण्याचे बळ दे. आमेन.