टक्क्यांच्या आधीचं बोर्डिंग

आरक्षणाचा इतिहास सांगताना २६ जुलै १९०२ ही तारीख येतेच. शाहू महाराजांनी करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या. हुकूम नोकऱ्यांचा, म्हणून आपण तो नोकऱ्यांच्या खात्यात टाकून मोकळे होतो. त्यातली कारणमीमांसा मात्र शिक्षणाची आहे. उत्तेजन देऊनही या वर्गांतली मुलं वरच्या शिक्षणाकडे वळेनात, कारण शिकून हाती काय पडणार हे त्यांना दिसत नव्हतं. शिकायला कारण मिळावं म्हणून नोकरी, असा तो हिशेब होता.

वीस वर्षं आधी, १८८२ मध्ये, हंटर शिक्षण आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी मांडलेला मुद्दा थेट पैशाचा होता. सारा भरतो शेतकरी आणि त्यावर शिकतात वरच्या जातींची मुलं. तेव्हा निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. शाहूंनी १९१७ मध्ये संस्थानात ते सक्तीचं आणि मोफत केलं.

पण कोल्हापूरचं खरं वैशिष्ट्य मला बोर्डिंगांत दिसतं. खेड्यातून आलेल्या पोराने राहायचं कुठे आणि जेवायचं कुठे? गरीब ब्राह्मण मुलाला वार लावून जेवता येई, माधुकरी मागता येई. ही समाजाने चालवलेली शिष्यवृत्तीच होती. तिला कुणी सवलत म्हटलं नाही. कुणब्याच्या पोराला तो आधार नव्हता, महाराच्या पोराला तर पाणीही मिळायची मारामार. १८९६ मध्ये महाराजांनी सर्व जातींसाठी वसतिगृह काढून पाहिलं, तर ते बहुतांशी ब्राह्मण विद्यार्थ्यांनीच भरलं. दार सगळ्यांना उघडं ठेवलं की आत कोण पोचतं, याचा हा धडा. मग १९०१ पासून मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम अशी एकेक बोर्डिंगं निघाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग.

जातवार बोर्डिंगांनी जात घट्ट केली, हा आक्षेप खोटा नाही. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आलेल्या, जैन बोर्डिंगमध्ये राहणाऱ्या भाऊराव पाटलांनी परतल्यावर शुद्धीची आंघोळ करायला नकार दिला आणि त्यांना ते बोर्डिंग सोडावं लागलं. त्याच भाऊरावांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नामकरण झालं, तेही शाहूंच्याच नावाने. बाबासाहेब आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनेही १९२५ मध्ये सोलापुरात आधी वसतिगृहच काढलं.

स्वातंत्र्यानंतर गाडी टक्क्यांच्या रुळावर गेली. मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यामुळे १९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती होऊन मागासलेल्या वर्गांसाठी खास तरतुदींची मुभा देणारं कलम १५(४) आलं. १९६२ च्या बालाजी निकालाने आरक्षणाला पन्नास टक्क्यांची रेघ ओढली. मग मंडल आयोग, २००५ ची ९३ वी दुरुस्ती, २०१९ चं ईडब्ल्यूएस, मराठा आरक्षणाचे कायदे. यातलं काहीच क्षुल्लक नव्हे. राखीव जागा नसत्या तर मेडिकल-इंजिनिअरिंगच्या वर्गांत अनेक आडनावं ऐकूही आली नसती. पण टक्का जाहीर करायला तिजोरीतून फारसं काही काढावं लागत नाही. वसतिगृहाला जमीन लागते, मेस लागते, वॉर्डन लागतो, दर महिन्याला पैसा लागतो. म्हणून सरकारं टक्क्यांवर भांडायला राजी असतात आणि आपणही.

आज प्रवेशाच्या कॅप राउंडमध्ये नंबर लागलेल्या मुलीची फाइल पाहा: जात पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटीचा अर्ज. सगळं वेळेत जमलं तरी शहरात राहायचा प्रश्न उरतोच. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे; राहण्या-जेवणाची रक्कम खात्यात जमा होते. योजना चांगली आहे. पण रक्कम येण्याआधी डिपॉझिट भरावं लागतं, आणि त्याच्याही आधी घरमालक आडनाव विचारतो. बोर्डिंगं निघाली ती नेमकी या प्रश्नामुळे. तो खात्यात पैसे जमा करून सुटेल, अशी समजूत तरी शाहूंची नव्हती.